अंतऱ्यातला बेडूक

कानात बेडूक ओरडतो, असं नागव्वाबाई मला पाच-सहा महिने सांगत होत्या आणि मी ते हसण्यावारी नेत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस, त्यातून नवं श्रवणयंत्र. काहीबाही ऐकू येणारच, असं मला वाटायचं. आता माझ्याही कानात यंत्र आहे आणि त्या हसण्याची लाज वाटते.

बाई धारवाडात मालमड्डीला राहायच्या. मी त्यांच्याकडे गाणं शिकायला गेले तेव्हा चौदा वर्षांची होते. माझ्याआधी दोन महिने पारक्का आली होती. तिचं नाव पारव्वा, पण ती माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून मी पारक्का म्हणायची. आमच्या दोघींची शिकवणी एकत्र, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा पुडा एकत्र आणि बाईंच्या शिव्याही एकत्रच. पुढे आमची लग्नं झाली, संसार झाले, तरी बुधवार काही सुटला नाही. बुधवारी सकाळी दहाला बाईंच्या माडीवर मी समोर बसायची आणि पारक्का बाईंच्या मागे तंबोऱ्यावर.

बाईंच्या गुरूंनी मरताना त्यांना एक चीज दिली होती. तिची अस्थायी, म्हणजे पहिला भाग, बाईंनी मैफलींतून शेकडो वेळा गायली, आम्हालाही शिकवली. अंतरा मात्र कधी कुणासमोर गायला नाही. घराण्याची रीतच तशी. अस्थायी चारचौघांसाठी, अंतरा एकाच शिष्यासाठी. पूर्वी म्हणे दाराआड कुणी कान लावून बसलंय असा संशय आला, की गवई मुद्दाम अंतरा चुकीचा गायचे. ऐकणारा चुकीचाच घेऊन जायचा. बाई हे किस्से रंगवून सांगायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बाईंना चौऱ्याऐंशी झाली त्या वर्षी त्या एकदा भात खाऊन पुन्हा जेवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला सांगितलं, "शांते, डोकं गळायला लागलंय. अंतरा तुला देते. पण तुझंही वय झालं, त्या डबीत भरून ठेव."

डबी म्हणजे माझ्या भाच्याने, गुरुराजने, बंगळुरूहून आणून दिलेलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र. साबणाच्या वडीएवढं. तंबोऱ्यावर पारक्का असणारच, म्हणून ते सुरू करण्याआधी बाईंनी आम्हा दोघींना तंबोऱ्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. म्हणा, बाई जिवंत असेपर्यंत हा अंतरा आमच्या तोंडून बाहेर जाणार नाही. आम्ही म्हटलं.

पहिल्या बुधवारचं मुद्रण घरी येऊन ऐकलं आणि कपाळावर हात मारला. बाईंच्या आवाजाखाली आगगाडीच्या इंजिनासारखी घरघर. मी गुरुराजला फोन लावला.

"मावशी, यंत्र भिंतीतल्या विजेवर लावलं होतं?"

"मग कशावर लावू? तुझ्या डोक्यावर?"

"सेलवर लावा. आणि हे बघा, एका वेळी एकच गोष्ट काढायची. दोन काढल्या तर कुठली वाईट होती ते कळणार नाही."

मी तसंच करत गेले. भिंतीतली वीज काढली, घरघर गेली. पण मग पंख्याची भिरभिर ऐकू येऊ लागली. पंखा बंद केला. पुढच्या बुधवारी माझ्या बांगड्या वाजल्या, त्या उतरवून ठेवल्या. मी जमिनीच्या फळीवर ठेका दिला की धबधब यायची, म्हणून यंत्राखाली घोंगडी घडी करून घातली. बाईंचा श्वास फूत्कारासारखा उमटायचा, तर यंत्राच्या तोंडाला माझा जुना रुमाल बांधला. पारक्का म्हणाली, "बाळंतिणीला बांधतात तसं बांधलंयस. आता धुरी दे."

सगळं गेलं, पण एक आवाज जाईना. गुर्र, टक-टक-टक, गुर्र. खोलीत बसून तो मला ऐकू यायचा नाही, घरी कानात वायर घालून ऐकलं की असायचा. आणि असायचा तो फक्त अंतऱ्यावर. अस्थायी कशी, धुतलेल्या काचेसारखी. बाई "हं, आता अंतरा" म्हणाल्या, की दोन श्वासांत गुर्र सुरू. अंतरा संपला की बंद.

"बेडूक आला बघ," बाई तेवढ्यात कानावर हात ठेवून म्हणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

एका बुधवारी पारक्का डोळे तपासायला हुबळीला गेली. मी स्वतःच तंबोरा घेऊन बसले. त्या दिवशी बाई थोडा वेळ थांबल्या, कान देऊन बसल्या, आणि मग गायल्या. आवाज मोकळा होता, पण अंतरा निराळाच आला. एरवी पंचमावरून वरच्या षड्जावर थेट उडी असायची. त्या दिवशी त्या धैवतावर थबकल्या, कोमल निषादाला नुसता हात लावला आणि मग वर गेल्या. वाटलं, झालं, बाई विसरायला लागल्या.

"बाई, असा नव्हे हो. तुम्ही उडी घेता तिथे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला तो बरा वाटतो?"

"बरा म्हणजे? तोच आहे ना?"

"मग तुला जो बरा वाटतो तो ठेव," असं म्हणून त्यांनी पान लावायला घेतलं.

घरी आल्यावर ऐकलं. त्यात गुर्र नव्हतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच अंतरा स्वच्छ आला होता, आणि तोच चुकलेला. माझ्यानंतर कुणीतरी हे ऐकेल आणि म्हणेल, नागव्वाबाई शेवटी शेवटी भरकटल्या. गुरूची चूक मागे राहू नये म्हणून मी बटण दाबलं आणि ते पुसून टाकलं. मला वाटलं, मी त्यांची अब्रू झाकली.

पुढच्या बुधवारी पारक्का आली, गुर्र आलं, आणि अंतराही पुन्हा उडीचा आला. मी वैतागून गुरुराजला फोनवरूनच तो आवाज ऐकवला. तो लगेच म्हणाला, "मावशी, हा मोबाइल आहे. जवळ कुणाचा तरी फोन चालू असतो, मग अशा यंत्रांत, श्रवणयंत्रातसुद्धा, गुरगुर येते. नुसता जवळ असून असं होत नाही, तो कुणाशी तरी जोडलेला असणार."

"माझा घरी असतो. बाईंकडे नाहीच."

"असं करा. कुठल्या दिवशी आवाज आला नव्हता का?"

"एक दिवस नव्हता."

"त्या दिवशी खोलीत काय नव्हतं?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. बाई अंतरा म्हणाल्या की पारक्काचा उजवा हात तारांवरून सुटायचा आणि डावीकडच्या चंचीत जायचा. सुपारी काढायला, असं मी इतके महिने समजत आले होते.

त्यानंतरच्या बुधवारी मी आधीच जाऊन बसले. पारक्का आली, तंबोरा जुळवला. बाई अस्थायी गायल्या. "हं, आता अंतरा." पारक्काचा हात चंचीत गेला.

"अक्का, मलाही एक सुपारी दे."

"थांब, संपू दे."

"आत्ता दे," म्हणत मी उठले आणि चंची ओढली. तिच्यातून फोन फळीवर पडला. उजेड चालू. आतून एका मुलीचा आवाज आला, "आई, ऐकू येत नाहीये. गायल्या का त्या?"

सहना, पारक्काची मुलगी. बंगळुरूला असते, तिथे गाते. मीच तिला सा लावायला शिकवलं होतं.

पारक्काने फोन उचलून बंद केला. तिच्या चेहऱ्यावर लाज शोधत होते मी.

"शपथ घेतली होतीस," मी म्हटलं.

"माझ्या तोंडून एक सूर गेलेला नाही," ती म्हणाली. "शपथ तोंडाची होती. पन्नास वर्षं मागे बसून तारा छेडल्या मी, शांते. मला कधी विचारलं कुणी, तुला हवाय का म्हणून? तू तरी विचारलंस?"

गिरमिट अर्धं अर्धं करून खाल्लेली बाई ही. कुठला घास तिच्या घशात अडकून राहिला होता, मला पत्ता नव्हता.

मग बाईंनी कानातलं यंत्र काढून तळहातावर घेतलं. "म्हणजे बेडूक पारव्वाच्या पिशवीत होता होय? मला वाटलं तुझ्या डबीत आहे."

"माझ्या?"

"तू डबी चालू करणार, मी अंतऱ्यावर येणार, की हा कानात गुरगुरणार. मला वाटलं, शांता इथून कुठेतरी पाठवतेय. मग काय, जुन्या लोकांनी केलं तेच केलं. खोटा गायले."

"बाई, मी? इतक्या वर्षांत कधी..."

"इतक्या वर्षांत तुझ्याकडे डबी कुठे होती?"

पारक्काने केलेलं मी कदाचित विसरले असते. हे वाक्य नाही विसरले. चौदाव्या वर्षापासून ज्यांच्या पायाशी बसले, त्यांनी सहा महिने मला चोर समजून समोर बसवलं होतं, चहा पाजला होता.

"म्हणजे पारक्का हुबळीला गेली तो दिवस..." मी कशीबशी म्हणाले.

"त्या दिवशी बेडूक नव्हता. म्हटलं, चुकलं माझं, पोरीवर उगाच संशय घेतला. म्हणून खरा गायले. तर तू म्हणालीस, असा नव्हे." त्या किंचित हसल्या. "आहे ना तो डबीत? मग झालं तर."

मी पुसल्याचं सांगितलं.

पारक्काने तंबोरा उचलून छेडायला सुरुवात केली, कुणी न सांगता. बाईंनी अस्थायी घेतली, अंतऱ्याला आल्या, पंचमावर उभ्या राहिल्या आणि उडी मारून वर गेल्या. पुन्हा केलं. पुन्हा उडी. चौथ्यांदा त्या मधेच थांबल्या. "खोटाच बसला गं गळ्यात," म्हणाल्या. "इतक्यांदा गायला ना."

पुढच्या संक्रांतीपर्यंत त्यांना अस्थायीही आठवेना. चैत्रात त्या गेल्या.

सहना तो अंतरा गाते. हुबळीच्या मैफलीत मी मागच्या रांगेत होते, पारक्का पहिल्या. पंचमावरून तिने उडी घेतली तेव्हा लोकांनी वा वा केलं, आणि शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, अस्सल घराण्याची जागा आहे बघा ही. मी मान हलवली. तो खोटा आहे हे त्या सभागृहात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. पारक्काने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

यंत्र अजून माझ्याकडे आहे. ते प्रत्येक मुद्रणाला आपणहून आकडा देतं. पंचविसाव्यात बेडूक आहे, सत्ताविसाव्यात बेडूक आहे. कधी दुपारी मी वायर कानात घालून बसते आणि धैवतावर थबकून बघते, निषादाला हात लावून बघते. पुढे त्या कशा वर गेल्या होत्या ते येत नाही. यंत्र मात्र पंचविसानंतर सरळ सत्ताविसावर जातं.