हातात बसेल असा माउस

ताईचं काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे साचे यायचे. त्यावर ती मेणात एकेक दात लावायची, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून, घासून, चकचकीत करून कवळी परत धाडायची. एकोणीस वर्षं हेच केल्यामुळे कुठलीही वस्तू ‘बसते’ की ‘बसत नाही’ यावर घरात तिचा शब्द शेवटचा असे. चपला असोत, डब्याचं झाकण असो, नाहीतर वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, चष्म्याची काडी. म्हणून धाकटी बहीण जेव्हा म्हणाली, “ताई, हा माउस आता मला बसत नाहीये,” तेव्हा ताईने ते मनावर घेतलं.

धाकटीला सगळे बारकीच म्हणत. सव्वीस वर्षांची झाली, छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायची नोकरी करू लागली, तरी बारकीच. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या वेण्या, तिचे दाखले, तिचा ताप-खोकला सगळं तेव्हा ताईच्या गळ्यात पडलं आणि त्या धबडग्यात ताईचं लग्न राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. फार झालं तर म्हणायची, “माझी एक मुलगी आहे की, फुकटात मिळालेली.”

या मुलीला एकच नाद होता, कॉम्प्युटरवरच्या नेमबाजीच्या खेळाचा. पाच जणांचा संघ, समोर दुसरे पाच. लांबून नेम धरून टिपायचं काम बारकीचं, म्हणून संघात ती ‘घार’. कप्तान कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचा, तो ‘मास्तर’. एकमेकांचं तोंडही कोणी पाहिलेलं नव्हतं. पण रविवारी दुपारी बारकीच्या खोलीतून असा गलका यायचा, की घरी पाहुणे आलेत असं वाटावं.

तक्रार अशी होती, की नेम धरायला उजवं बटण दाबून ठेवावं लागे आणि ते मधेच सुटे. दाबलेलं असतानाही सुटे. दुर्बीण डोळ्यांवरून उतरायची आणि तेवढ्यात समोरचा आपलं काम साधून जायचा.

“चार वर्षं वापरलास,” ताई म्हणाली. “झिजला असेल. नवा घेऊ. पण या वेळी नीट बघून.”

“खेळणंच ते,” आप्पा आपल्या खुर्चीतून म्हणाले. “सोडून दिलं तर काय बिघडतंय?”

त्यांच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही.

दुकानदार बोलका होता. एकेक खोका उघडत तो आकड्यांचा पाऊस पाडत होता. “हा बघा, सव्वीस हजार डीपीआय. म्हणजे तुम्ही हात एवढासा हलवलात, की बाण पडद्याच्या पार त्या टोकाला.”

“आणि त्या टोकाला जाऊन तो करणार काय?” ताईने विचारलं.

बारकी खो खो हसली. “ताई, मी सोळाशेवर खेळते. बाकीचे आकडे नुसते खोक्यावर छापायला.”

मग ताईने सूत्रं हातात घेतली. दिवे लुकलुकणारे सगळे माउस बाजूला सारले. बारकीचा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. ती तळवा पूर्ण टेकवून धरते, की बोटं आकडीसारखी उभी ठेवते, ते निरखलं. तळवा टेकवणाऱ्याला मागून फुगीर पाठ हवी. पाठ ठेंगणी असली की मनगट लोंबकळतं आणि तासाभरात ठणकायला लागतं, हे तिला कोणी न सांगता कळलं. अंगठ्याची बाजू खरखरीत हवी, घाम आला तरी निसटू नये. वजन कमी हवं, वायर मऊ हवी. मोजताना बारकीच्या अंगठ्याच्या बुडाशी एक खळगा तिच्या बोटाला लागला. ‘जेवत नाही मेली धड,’ असं मनात म्हणून तिने तो सोडून दिला.

शेवटी साठेक ग्रॅमचा, बिनदिव्याचा एक काळा माउस पसंत पडला. “दहा वर्षं बघायला नको,” दुकानदार म्हणाला. “माझी जबान.”

तीन आठवड्यांत त्याचंही बटण सुटायला लागलं.

दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला. बदललेला महिनाभर चालला. मग दुसऱ्या कंपनीचा आणला. त्याचीही तीच गत. आता मात्र ताईचा पारा चढला. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत तिने दुकानदाराला धारेवर धरलं. “झिजलेला माल नव्या खोक्यात घालून विकता? लाज नाही वाटत? चोर आहात तुम्ही, चोर!” दुकानदार लालबुंद झाला. तो एवढंच म्हणाला, “बाई, मी कंपनीकडे तपासायला पाठवतो. लेखी मागवतो.”

दहा दिवसांनी माउस परत आला, सोबत एक कागद. बटणाची दहा हजार वेळा चाचणी घेतली, दोष आढळला नाही.

“दोष आढळला नाही म्हणे,” ताई फणकारली. “मीच बघते.” रविवारची सकाळ होती. बारकीने पडद्यावर एक साधी चाचणी लावून दिली. बटण दाबलेलं असेपर्यंत ठिपका हिरवा, सुटलं की लाल. ताई बोट दाबून बसली. एक मिनिट झालं, पाच झाली, दहा झाली. ठिपका हिरवाच. तिने माउस हलवला, टेबलावर फिरवला, जोरात ओढला. हिरवाच.

“बघ, चांगला आहे!” ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी खूश होऊन उठली. “ये, बस तू.”

बारकी बसली. तिने बोट ठेवलं, दाबलं. अकराव्या सेकंदाला ठिपका लाल झाला. तिने पुन्हा दाबलं. आठव्या सेकंदाला लाल. तिसऱ्यांदा तिने दात आवळून दाबलं, तेव्हा दोघींनाही दिसलं. बोट बटणावरून उचललं जात नव्हतं. ते दाबलेल्या जागीच हळूहळू ढिलं पडत होतं, आणि कातडीखाली काहीतरी बारीक बारीक फडफडत होतं.

बाहेर आप्पांचा रेडिओ चालू होता. बारकी म्हणाली, “छापखान्यातपण हल्ली होतं असं. मला वाटलं, तिथला माउसपण खराब आहे.”

पुढचे दोन महिने तपासण्यांत गेले. सुया टोचल्या, विजेचे झटके देऊन पाहिले, नळीत घालून फोटो काढले. मज्जातंतूंचे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. स्नायू चांगलेच होते, म्हणाले, पण त्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्यात. हुकूम नाही म्हणून स्नायू वाळतायत. आज उजवा हात, मग डावा, मग पाय. त्यापुढचं त्यांनी विचारल्यावरच सांगितलं, आणि बारकीने विचारलं.

“यावर औषध?” ताईने विचारलं.

“चाल थोडी मंदावेल,” डॉक्टर म्हणाले. “थांबणार नाही.”

परतीच्या वाटेवर ताईला राहून राहून तो खळगा आठवत होता. तिच्या बोटाला लागला होता तो. दुसऱ्यांच्या तोंडातली केसाएवढी फट जिला कळते, तिला घरच्या हातातला खड्डा कळू नये?

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. दुकानदार तिला बघून सावध झाला. तिने गिऱ्हाइकं जायची वाट पाहिली नाही. ज्या आवाजात चोर म्हटलं होतं त्याच आवाजात म्हणाली, “तुमचा माल चांगला होता. माझ्या बहिणीचा हात खराब आहे. मी सगळ्यांदेखत तुम्हाला बोलले, तेव्हा सगळ्यांदेखत माफी मागते.” आणि मग, दवाखान्यात जी रडली नव्हती, ती तिथे वायरींच्या भेंडोळ्यांसमोर रडली. दुकानदाराने घाईघाईने स्टूल पुढे केलं. चहा मागवला. बटणाची आतली कळ बदलता येते, हे त्यानेच सांगितलं. सर्वांत हलकी कळ आणून त्याने स्वतःच्या हाताने डाग देऊन बसवून दिली.

“फुंकर मारली तरी दाबलं जाईल आता,” तो म्हणाला. या वेळी त्याने कुठलाही आकडा सांगितला नाही.

पण कळ इतकी हलकी, की नुसत्या बोटाच्या भाराने दुर्बीण नको तेव्हा डोळ्यांवर चढायची. दाबायला सोपं आणि बोट विसावायलाही जागा, हे दोन्ही एका माउसात मिळेना. तेव्हा ताई आपल्या कामाकडे वळली. कवळीसाठी जबड्याचं माप घेतात तो लगदा तिने भांड्यात कालवला आणि त्यात बारकीचा हात बुडवला.

“गार आहे गं,” बारकी म्हणाली.

“हलू नकोस. तीन मिनिटं.”

त्या साच्यात प्लास्टर ओतून तिने हात काढला. त्या हातावर मेण चढवून माउसाची पाठ घडवली, प्रत्येक बोटाला वेगळी खोबण केली, अंगठ्याखालच्या खळग्यात बरोबर बसेल असा उंचवटा केला. मग गुलाबी ॲक्रिलिकची ती पाठ काळ्या माउसवर चिकटवली. दिसायला ते भयंकर दिसत होतं.

“कोणाच्या तरी हिरड्यांवर हात ठेवल्यासारखं वाटतंय,” बारकी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. पण हात त्यावर असा बसला, की बारकीचा चेहराच बदलला. बोटं आपापल्या जागी टेकली. बटण धरायला ताकद लागेना. त्या रविवारी दोन सामन्यांत मिळून तिने नऊ जणांना टिपलं. “घार परत आली!” मास्तर ओरडला, तो आवाज हेडफोनबाहेर फुटून आप्पांच्या खुर्चीपर्यंत गेला.

ते सुख सात आठवडे टिकलं.

हात वाळत होता, खोबणी तशाच राहत होत्या. बोटं आत हलायला लागली. ताईने दुसरा साचा घेतला. त्याला पाच आठवडे झाले नाहीत तोच तिसरा. मग तीनच आठवड्यांत चौथा. रोजचं काम उरकून ती माउसाची पाठ घासत बसायची, आणि ती घासून होईपर्यंत हात पुढे निघून गेलेला असायचा. नवीन हात ओतला, की आधीचा शेजारी ठेवायचा आणि कुठे किती गेलं ते बघून मेण वाढवायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. एकदा बारकी तिच्या कामाच्या खोलीत डोकावली, तर फळीवर चारही हात ओळीने ठेवलेले. पहिला भरलेला, चौथा काड्यांचा. ताईला वाटलं, ती ओरडेल. ती नुसती बघत राहिली.

“किती छान बनवलेस,” शेवटी ती म्हणाली. “नखंपण आलीयेत.”

पुढच्या रविवारी बारकीने हेडफोन लावला नाही, आता तिला तो एका हाताने लावता येत नव्हता. आवाज उघडाच येत होता. सामन्याच्या मध्यावर बटण सुटलं, एकदा, दोनदा. संघ हरला. मग मास्तरचा आवाज आला, वर्गात कोणाला नापास केल्याचं सांगावं तसा, खालच्या पट्टीतला. “घार, पुढच्या फेरीला तू राखीव राहशील का? आमच्याबरोबर राहा. फक्त... दुसऱ्या कोणाला तरी बसवतो.”

“मीच सांगणार होते,” बारकी म्हणाली. “माझं नेटच खराब आहे हल्ली.”

“हो हो,” मास्तर म्हणाला. “नेटचा फारच त्रास आहे सगळीकडे.”

त्याला काही कळलं होतं की नाही, ताईला कधी समजलं नाही.

त्यानंतर आप्पाच एक दिवस ताईच्या मागे लागले. “अगं, तिला नवा माउस का नाही आणत? चांगल्यातला आण. बाजारात काय एवढेच माउस आहेत का?” त्यांचे डोळे भरलेले होते. ताई त्यांच्यावर खेकसली आणि मग गुपचूप पाचवा साचा घेतला. या वेळी बारकीचा हात तिलाच उचलून लगद्यात ठेवावा लागला. हलू नकोस म्हणायची गरज पडली नाही.

पाचवा तिच्या हातून झालेला सगळ्यांत चांगला. कुठे केसाएवढी फट नाही, कुठे टोचत नाही. तिने तो टेबलावर मांडला, बारकीचा हात त्यावर ठेवला, एकेक बोट खोबणीत बसवलं आणि मागे उभी राहिली. पडद्यावर हिरव्या-लाल ठिपक्याची चाचणी लावलेली होती. ठिपका लालच होता. बारकीच्या कपाळावर घाम आला. ती सगळ्या शक्तीनिशी दाबत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि बोट मात्र खोबणीत शांत पडून होतं.

“बसतोय का?” ताईने विचारलं.

“बसतोय गं,” बारकी म्हणाली. “एकदम आरामात. कुठे काही लागत नाही.”

ताईने मागून हात पुढे केला, तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. ठिपका हिरवा झाला. बारकीने मान वळवली नाही.

“काढ ताई,” ती म्हणाली. “तुझं बोट काढ.”