सर अडले तेव्हा

गणिताचा पेपर हातात पडला की धाकटी घाबरून जायची. अक्षरं दिसायची, अर्थ पळून जायचा. "तुला येतं गं, तू उगाच घाबरतेस," असं ताई म्हणायची. असल्या धीराने आजवर कुणाचं भलं झालंय? दोनदा नापास झाल्यावर धाकटीने विद्यापीठाच्या कचेरीतून विषय सोडण्याचा अर्ज आणला. त्यावर गणिताच्या सरांची सही घेऊन तो आज पाचच्या आत द्यायचा होता. सही झाली की गणित सुटणार होतं, आणि गणिताशिवाय घेता येत नाही म्हणून हवामानशास्त्रही. लहानपणापासून ढगांकडे बघून मान अवघडून घेणाऱ्या पोरीला हे सोपं नव्हतं.

सरांना मुलं 'तोफ' म्हणत. धाकटी त्यांच्या खोलीत शिरली तेव्हा तोफ काठोकाठ भरलेल्या फळ्यासमोर पाठमोरी उभी होती.

"सर, यावर सही हवी होती."

"ठेव तिथे. बस जरा, अडलंय माझं."

अर्ज टेबलावर ठेवून ती बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सरांनी एक ओळ लिहिली, पुसली, डोकं खाजवलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. परीक्षेत तिचे होतात, अगदी तसे.

"कधीपासून अडलंय, सर?"

"हे? अकरा वर्षं झाली. ही ओळ मात्र सोमवारपासून छळतेय."

अकरा वर्षं! धाकटी तर तीन तासांत स्वतःला ठोंबी ठरवून मोकळी व्हायची. आणि हा माणूस काही सुचत नसताना रोज इथे येत होता, चहा पीत होता, आणि न सुचण्याची त्याला लाज म्हणून नव्हती. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

फळ्यावरचं बहुतेक सगळं तिच्या डोक्यावरून जात होतं. पण खालच्या कोपऱ्यात एक साधा गुणाकार होता, सात गुणिले आठ. पुढे उत्तर लिहिलं होतं, चोपन्न. तिने मनातल्या मनात पाढा म्हटला. मग पुन्हा म्हटला.

"सर... सात आठे छप्पन्न ना?"

तोफ वळली. आता उडते, म्हणून धाकटीने अंग चोरलं. सरांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि ते खदाखदा हसायला लागले.

"चोपन्न! चार दिवस मी चोपन्न धरून बसलोय!"

अर्धा फळा त्यांनी बाहीनेच पुसला. टेबलावरचा कागद ओढला, पालथा केला आणि ते भराभर लिहीत सुटले. ती लांबलचक ओळ इकडून कापली गेली, तिकडून कापली गेली, आणि शेवटी तीनच चिन्हं उरली. दोघंही त्या चिन्हांकडे बघत राहिली. अर्थ तिला कळला नव्हता, तरी अंगावर काटा आला. इतक्या पसाऱ्यात हे एवढंसं, इतकं सुंदर काहीतरी पहिल्यापासून तिथेच होतं.

"सुटलं, सर?"

"छे! एक ओळ सुटली. पुढची त्याहून वाईट आहे," सर खुशीत म्हणाले. मग त्यांनी कागद उलटला आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, हा तर तुझा अर्ज! पळ, दुसरा घेऊन ये. अजून वीस मिनिटं आहेत, लगेच सही करतो."

धाकटीने घड्याळ पाहिलं. भीती गेली नव्हती, तशीच होती. तिने खुर्ची फळ्याजवळ ओढली.

"पुढची ओळ दाखवा, सर. मला काही येणार नाही, पण दाखवा."

"मलाही येत नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी खडू तिच्या हातात दिला.