राजेश्वरीचा ताबा

शिराळा तालुक्यातल्या त्या गावात बनुबाई अंगणवाडी चालवायची. हवालदार मानसिंगचा नातू तिच्या अंगणवाडीत होता आणि त्याला पोचवायला रोज राजेश्वरी यायची. ती मानसिंगच्या मेलेल्या भावाची पोर. आईही गेलेली. वय नऊ, जन्मापासून बहिरी आणि मुकी. पोराला आत सोडलं की ती उंबऱ्याशी बसून राहायची. बनुबाई तिच्या ओंजळीत मूठभर सुकडी घालायची. पोर आधी बनुबाईच्या कपाळावरच्या मोठ्या कुंकवाकडे बघायची, मग स्वतःच्या कपाळाला बोट लावून हसायची. बनुबाईचं तिनं ठेवलेलं नाव तेच होतं.

एकदा परकर वर झाला तेव्हा बनुबाईला तिचा घोटा दिसला. साल सोलल्यासारखा लाल, त्यात माश्या बसलेल्या. मग मानसिंगच्या शेजारणीकडून कळलं. रात्री पोरीला म्हशींच्या गोठ्यात साखळीनं बांधतात. पहाटे शेण काढायला सोडतात. दावणीपाशी झोप लागली तर चाबूक.

बनुबाईनं तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. स्वतःच्या हातानं, दोन पानं भरून.

पंधरा दिवसांनी मानसिंग अंगणवाडीत आला. फौजेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांना पीळ दिलेला, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. शिवाय उपसरपंच. त्यानं खिशातून कागद काढून उलगडला. अर्ज बनुबाईचाच होता.

"बाई, अक्षर लय सुरेख हाय तुमचं."

बनुबाईनं हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"चौकशीला गावाकडंच धाडलाय. गावच्या चौकशी समितीचा अध्यक्ष कोण? आमी. म्हटलं, तुमालाच आधी इचारावं. काय बघितलंसा?"

"आवं हवालदार, पोरीचा पाय..."

"ती पळती. हिरीत पडली तर जबाबदार कोण, तुमी व्हय?" त्यानं कागदाची नीट घडी घातली. "चौकशी झाली. तथ्य न्हाई."

त्यानंतर आठ दिवस राजेश्वरी अंगणवाडीकडे फिरकली नाही. आली तेव्हा तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता.

त्याच दुपारी बनुबाईनं सांगलीची एस.टी. धरली. बालकल्याणच्या कचेरीत सुमंत नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दोन पोलीस घेऊन थेट गोठ्यात येऊन उभा राहिला. पोरीला जीपमध्ये घालून त्यानं सांगलीतल्या बालगृहात नेलं. सगळं गाव बघत होतं.  मानसिंगनं मात्र जीप दिसेनाशी होईपर्यंत बनुबाईकडे बघितलं.

महिन्याभरानं बनुबाई तिला भेटायला गेली. पोरीचे केस उवांपायी कापले होते, पण गाल भरले होते. तिनं कपाळाला बोट लावलं आणि बनुबाईच्या कमरेला मिठी मारली. निघताना बनुबाईनं गावाच्या दिशेला हात करून मान जोरजोरात हलवली. तिकडं पुन्हा न्हाई. पोरीला समजलं. तिनंही तशीच मान हलवून दाखवली, दोनदा.

पुढं सुमंतची बदली झाली आणि त्याचा अहवाल फायलीतच राहिला. मुक्या पोरीला शिकवणारं बालगृहात कुणी नव्हतं आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेत जागा नव्हती. मानसिंगनं ताब्यासाठी अर्ज केला. सोबत सरपंचाचा दाखला, फौजेतलं प्रमाणपत्र, नव्या खोलीचा फोटो. मूल घरच्यांत वाढावं असं बालकल्याण मंडळाचं धोरण होतं. कागदात एकच रकाना मोकळा होता: स्थानिक अंगणवाडी सेविकेचा अभिप्राय.

तो घेऊन तालुक्यातल्या अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका पद्माबाई जीपनं आल्या. मानसिंग त्यांच्या शेजारी बसून आला होता.

"सही करा, बनुबाई."

"बाई, तुमी एकदा गोठा तरी बघा."

"मी खोली बघितली. पलंग आहे, पंखा आहे." पद्माबाईंनी आवाज खाली आणला. "गावच्या समितीनं तथ्य नाही म्हणून लिहिलंय. म्हणजे तुमची तक्रार खोटी ठरते. हे वर गेलं तर अंगणवाडी जाईल तुमची. नवरा अंथरुणावर आहे ना?"

नवरा दोन वर्षं अंथरुणावरच होता. घरात कमावणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. बनुबाईनं पेन घेतला. 'घरचे वातावरण चांगले आहे' एवढं लिहायला तिला बराच वेळ लागला. खाली सही केली.

"आणि सोमवारी सांगलीला या," पद्माबाई म्हणाल्या. "ओळखीचं माणूस असलं की मूल त्रास देत नाही."

सोमवारी बालगृहाच्या व्हरांड्यात राजेश्वरीनं बनुबाईला बघितलं आणि पळत आली. बोट कपाळाला. मानसिंग फाटकाबाहेर जीपमध्ये पुढं बसला होता, तो तिला दिसला नाही. तिनं आपलं गाठोडं स्वतः उचललं, मैत्रिणींना हात केला, बनुबाईचा हात धरला आणि मागच्या बाकावर चढली. बनुबाई आपल्याला तिच्या घरी नेतेय, असं तिला वाटलं असणार. इस्लामपूर जाईपर्यंत ती उसाकडे, बैलगाड्यांकडे बोट दाखवत होती. बनुबाई मान हलवत होती.

गावाच्या फाट्यावर मानसिंगनं मागं वळून बघितलं.

 पोरीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग बनुबाईकडे, बराच वेळ. मग हातातला हात सोडवून घेतला आणि बाकाच्या टोकाला सरकून बसली. मानसिंगच्या वस्तीवर उतरताना बनुबाईनं खांद्याला हात लावला, तो तिनं कोपरानं झटकला.

दर तीन महिन्यांनी अहवालाचा फॉर्म यायचा. बनुबाई वस्तीवर जायची, चहा घ्यायची आणि 'समाधानकारक' लिहून परत यायची. राजेश्वरी समोर येत नसे.

तिसरा फॉर्म गेल्यावर पंधरा दिवसांनी ती पळाली. दुपारची वेळ होती. बनुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. कपाळ फुटलेलं, पाय अनवाणी, पोर रस्त्यानं भराभर येत होती. बनुबाई सूप टाकून उठली, दोन्ही हात पसरून तिनं घरात बोलावलं. दार सताड उघडं होतं. राजेश्वरीनं तिला बघितलं, चांगलं बघितलं. मग रस्त्याची दुसरी कड धरली आणि उसाच्या पाटाकडे उतरली.

ती पुन्हा कुणाला दिसली नाही. हरवल्याची तक्रार मानसिंगनंच दिली. जमादार जबाब घ्यायला अंगणवाडीत आला.

"शेवटची तुमीच बघितली व्हय? मग धरली का न्हाई?"

"धावले मी. उसात दिसंना झाली."

"ओळखीची होती म्हणं तुमच्या. मग तुमच्याकडं का आली न्हाई ती?"

बनुबाईनं पदर कुंकवावर ओढला. जमादारानं 'सांगता येत नाही' असं लिहिलं आणि कागद सहीसाठी तिच्यापुढं सरकवला. तिनं सही केली.