माझा मुका गंधार

मी पेटी बोलतेय. कात्रजच्या युसूफभाईंच्या घरातली हार्मोनियम. अर्ध्या पुण्याच्या पेट्या त्यांनी दुरुस्त केल्या, घरच्या पेटीची पाळी मात्र कधी आलीच नाही. माझी मधल्या गंधाराची पट्टी त्यांच्या लग्नाच्या वर्षीच मुकी झाली, ती तशीच राहिली.

संध्याकाळी दुकानातून आले की युसूफभाई मला पुढ्यात ओढून एक लाडिक धून वाजवत. तिचा अर्थ एवढाच, की चहा हवाय. मुक्या पट्टीवर बोट पडलं की स्वयंपाकघरातून त्यांची बायको जरीना तेवढा एकच सूर गाऊन भरायची आणि आधण ठेवायची. मलाही त्या सुराची सवय लागली होती.

एकदा कोथरूडचे संगीतकार अभय आपली पेटी न्यायला घरी आले. टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमासाठी त्यांना सुरुवातीची धून हवी होती आणि काही केल्या सुचत नव्हती. युसूफभाईंनी चहासाठी नेहमीची धून वाजवली. पण परका माणूस बसलेला. जरीना लाजून गप्पच राहिली.

"वा! काय थांबलात हो तिथे! कोणाची ही धून?"

"चहा मागायची आहे."

"मी घेऊ कार्यक्रमाला?"

"घ्या की. चहाही घ्या. पण वेळ लागेल, आज मागणी आत पोचलेली दिसत नाही."

धून टीव्हीवर गेली, रिकाम्या जागेसकट. त्या जागेत पाहुणा पडद्याआडून येई आणि लोक टाळ्या वाजवत. इकडे जरीना आपला सूर भरायची. "आता झाली पुरी," युसूफभाई म्हणायचे.

पुढे युसूफभाई वारले, तरी टीव्हीवर धून वाजत राहिली. जरीना त्या धुनेपुरता टीव्ही लावायची, सूर भरायची आणि पाहुण्याने तोंड उघडायच्या आत बंद करायची. गेल्या महिन्यात तो कार्यक्रमच संपला.

काल मुलगा बिलाल म्हणाला, "अम्मी, पेटीची ती पट्टी दुरुस्त करून आणतो. मिसबाला शिकता येईल."

नातीचं नाव निघालं, जरीना काय बोलणार! तो कामावर गेल्यावर तिने माझ्यावरची ओढणी काढली आणि एका बोटाने धून वाजवू लागली. मुक्या पट्टीशी येऊन थांबली. स्वयंपाकघराकडे बघत राहिली. तिथून कोण गाणार? शेवटी तिनेच सूर लावला. मग उठली आणि आधण ठेवलं, दोन कपांचं.

बिलाल, बाळा, मिसबाला नवी पेटी घे. मला मुकीच राहू दे. तुझ्या अब्बांना खरंच सवड झाली नाही, की त्यांनी मुद्दाम ठेवली ती पट्टी तशी, मलाही ठाऊक नाही. पण तुझ्या अम्मीला हाक मारायला माझ्यापाशी तेवढी एकच जागा आहे.