चोविसावी चिठ्ठी

मी डबा बोलतोय. स्टीलचा, पाच किलो रवा मावेल एवढा. बोलायची मला सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

अनंतरावांनी मला एशियन टाउनच्या बाजारातून घेतलं आणि आखातातल्या या अल रुवैस गावात आणलं. इथे भारतीय मुलांची सहावी ते बारावीची एक छोटी शाळा आहे, पालकांच्या समितीनं चालवलेली. अनंतराव तिथले क्लार्क. जागा थोड्या, म्हणून नियम असा की शिफारस चालणार नाही, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायच्या. समितीच्या पत्रकात याला ‘पारदर्शक निवड’ म्हणतात. माझ्या आतलं बाहेरून काहीच दिसत नाही, हे कुणाला खटकलं नाही.

यंदा जागा दहा आणि अर्ज चोवीस. त्यातला एक तेजश्रीचा. तिला प्रवेश मिळाला नाही तर तिनं आईबरोबर नाशिकला परतायचं आणि वडिलांनी, विजयरावांनी, इथे एकटं राहायचं, असं घरात ठरलं होतं.

सोडतीच्या सकाळी तिची आई, सुनीतीबाई, सगळ्यांच्या आधी आल्या.

“अनंतराव, डबा जरा बघू?”

“बघा की. चिठ्ठ्या अजून भरायच्यात.”

“चिठ्ठ्यांना हात लावत नाही हो. शुभ काम आहे, नुसतं बोट लावते.”

अनंतरावही नाशिकचेच. त्यांनी तोंड फिरवलं. बाईंनी पर्समधली डबी काढली, कुंकू पाण्यात कालवलं आणि माझ्या झाकणाला आतून ठसठशीत स्वस्तिक काढलं. बाहेरून काढलं असतं तर लोकांना दिसलं असतं. देवाला काय, आतलंही दिसतं.

मग माझ्यात चिठ्ठ्या भरल्या, झाकण लावलं आणि मला चांगलं घुसळलं. मुख्याध्यापिका हजरा मॅडमनी झाकण काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि एकेक नाव वाचायला घेतलं. दहा जागा भरल्या. तेजश्री नाही. मग प्रतीक्षा यादी. तेवीस नावं झाली आणि मी रिकामा झालो.

“माझ्या मुलीचं नावच आलं नाही,” सुनीतीबाई उठून म्हणाल्या.

अनंतरावांनी सहज झाकण उलटलं. स्वस्तिकाच्या मधोमध चिठ्ठी चिकटून बसली होती.

“देवानं धरून ठेवली,” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मॅडम हसल्या नाहीत. “ये किसने किया? ऑफिस की गलती है तो ड्रॉ दोबारा होगा. किसी पेरेंट ने किया है तो उनकी चिट्ठी सबसे आखिर में. अनंतराव, डब्बा आपके पास था ना?”

“जी, मेरे पास था.” अनंतराव जमिनीकडे बघत राहिले. बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही.

गप्प राहिलं की पुन्हा सोडत, पुन्हा आशा. ठपका काय तो अनंतरावांवर. सुनीतीबाई खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग पुन्हा उठल्या.

“मैंने किया.”

“आई, सिरियसली?” तेजश्री म्हणाली.

“खलास,” विजयराव म्हणाले. “दोन तिकिटं बघतो.”

जूनमध्ये मायलेकी गेल्या. जुलैत एका कंपनीचं कंत्राट संपलं आणि एकामागून एक घरं रिकामी झाली. शाळेतल्या जागाही. यादी पुढे सरकत सरकत चोविसाव्या नावापर्यंत आली. अनंतरावांनी लगेच नाशिकला फोन लावला. मी तेव्हा शेजारच्या कपाटावर होतो.

“वहिनी, तेजश्रीची सीट लागली.”

बाई म्हणाल्या, “कालच इथल्या शाळेत नाव घातलं हो तिचं. दाखलाही देऊन टाकला.”

समितीनं आता काचेची पेटी आणली आहे. मी ऑफिसात चहाची साखर सांभाळतो. लोक चहा ढवळत तो किस्सा सांगतात आणि सुनीतीबाईंना हसतात. माझी एवढीच विनंती आहे, हसायचं तर मला हसा. चिठ्ठी धरून मी बसलो होतो. त्या तर उभ्या राहिल्या होत्या.