पिस्टनवरचा बाण

मिस्त्रीने लाकडी हातोडीने सिलिंडरच्या बुडाशी दोन हलके ठोके दिले आणि चार दिवस हट्टाला पेटून बसलेलं इंजिन एकदाचं सुटलं. सिलिंडर वर उचलताच पिस्टनच्या रिंगचा एक तुकडा घरंगळून बाकावर पडला. मिस्त्रीने तो बोटांनी चाचपून उचलला.

शेडच्या दारात त्याची भावजय उभी होती.

"दादा, पेट्रोलमध्ये ऑइल नव्हतंच ना?"

"थांब जरा. अजून आत हातही घातला नाही."

गाडी म्हणजे चार जाड टायरांची एटीव्ही. धाकटा भाऊ आणि भावजय तिच्यावरून टेकडीवरच्या घरांना दूध पोचवत. इंजिन टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच मापाने मिसळायचं, तेवढंच काय ते वंगण. विसरलं की पिस्टन कोरडा घासायचा आणि जाम व्हायचा. मिसळायचं काम भावजयीचं. मंगळवारी भर उतारावर इंजिन जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी अडली, गाडी उलटली आणि भावाचा पाय तिच्याखाली तीन ठिकाणी मोडला.

त्या सकाळी ऑइल घातलं होतं की नाही, हे भावजयीला छातीठोकपणे सांगता येईना. रोजचं काम हात करतात, डोकं कुठे लक्षात ठेवतं? पण आईला तेवढंच पुरलं. "हिच्या धांदरटपणाने माझा पोरगा अंथरुणाला खिळला," हे चार दिवसांत घरातल्या भांड्यांनाही पाठ झालं होतं. काल तर तिने थेट सुनेच्या माहेरी निरोप धाडला, मुलीला घेऊन जा म्हणून. आज दुपारी तिला न्यायला तिचा भाऊ येणार होता. अंथरुणावरचा नवरा एवढंच म्हणाला होता, "आधी दादाला इंजिन उघडू दे. तो म्हणेल ते खरं."

मिस्त्रीने इंजिनच्या पोटात बोट घातलं. बोट तेलकट बाहेर आलं. त्याने ते अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. बेअरिंग फिरवून पाहिलं, लोण्यासारखं फिरलं. कोरडा चाललेला पिस्टन चहूबाजूंनी ओरबाडलेला असतो. याच्या कडा गुळगुळीत होत्या. फक्त रिंगचं टोक सिलिंडरच्या भिंतीतल्या, धूर बाहेर जायच्या खिडकीत अडकून मोडलं होतं आणि तो तुकडा पाचरीसारखा बसला होता.

असं एकाच कारणाने होतं.  मिस्त्रीने पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पुसली.

"इथे एक बाण असेल बघ. कुणीकडे तोंड आहे त्याचं?"

भावजय जवळ येऊन वाकली. "इकडे, कार्बोरेटरकडे. का हो?"

"काही नाही. तू जा आत."

बाणाचं तोंड सायलेन्सरकडे हवं. जुना पिस्टन झिजून डब्यातल्या खड्यासारखा वाजत होता, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मिस्त्रीनेच हा नवा बसवला होता. बाण अंगठ्याने चाचपून बसवला होता. वर्षभरापासून त्याला, जिथे बघावं तिथेच नेमका धुराचा डाग दिसे. कडेचं दिसे, मधलं नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. आंधळ्या मिस्त्रीकडे इंजिन कोण आणणार? आणि भाऊ पडल्यापासून घर त्याच्या एकट्याच्या हातांवर चालत होतं.

कानस हाताशीच होती. चार वेळा फिरवली की बाण गायब. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने कानस उचलली, थोडा वेळ धरून ठेवली आणि जागेवर ठेवून दिली.

आतल्या खोलीत भाऊ पाय उंचावर ठेवून पडला होता. आई उशाशी, खिडकीपाशी बसली होती. भावजय भरलेली पिशवी हातात घेऊन दाराशी उभी होती.

"ऑइल होतं," मिस्त्री म्हणाला. "पिस्टन मी उलटा बसवला. चूक माझी आहे."

 भाऊ चक्क हसला.

"दादा, तू? अरे, तू झोपेतसुद्धा सुलटाच बसवशील."

"हा बघ बाण. उलट्या दिशेला होता."

"आम्हाला त्यातलं काय कळतंय!" आई म्हणाली. तिच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. "मोठ्या मनाचं आहे माझं लेकरू. पण हिला पाठीशी घालायला स्वतःच्या हाताला बट्टा लावून घेऊ नकोस. लोक खरं मानतील."

"खरंच आहे ते."

"दादा, माझ्यासाठी खोटं नका बोलू," भावजय खालच्या आवाजात म्हणाली. "माझं मलाच आठवत नाही, तर तुम्ही कशाला? येते मी."

शिव्या खायची तयारी करून तो आत आला होता. कौतुकाची तयारी त्याने केली नव्हती. पिस्टन हातात धरून तो खुळ्यासारखा उभा राहिला. आईचा चेहरा त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होता.

"आई," तो म्हणाला, "आत्ता तू हसतेयस की रडतेयस?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना. मला दिसत नाही. कुणाचंच तोंड दिसत नाही. वर्ष झालं."

भाऊ कोपरांवर रेटून उठायला गेला आणि कळवळून परत आडवा झाला. भावजयीच्या हातातली पिशवी जमिनीवर टेकली.



"मंगळवारी दवाखान्यातून आल्यावर," आई म्हणाली, "मी तुझ्यासमोर बसून रडत होते. तू मुकाट्याने जेवत होतास. मी म्हटलं, काय दगड जन्माला घातलाय मी."

"तू आवाज केला नसशील," मिस्त्री म्हणाला.