लाल ओळ

साहेबांना लाल रंग खुपायचा. रुग्णालयाच्या संगणक विभागात पाहणीला पाहुणे येणार होते आणि काळ्या पडद्यांवर कुठे हिरवी, कुठे लाल ओळ दिसते, हे विभागप्रमुख म्हणून त्यांना गबाळं वाटलं.

"हे काय, रक्त सांडल्यासारखं?"

"ॲडमिनचं खातं आहे, साहेब," ती म्हणाली. यंत्रांची देखभाल तिच्याकडे होती आणि त्या ओळी तिनेच बसवल्या होत्या. हुकूम टाइप करण्याआधी आपण कोणत्या खात्यात आहोत हे दाखवते ती ओळ म्हणजे प्रॉम्प्ट. रोजच्या साध्या खात्याचा हिरवा, ॲडमिनचा लाल. साध्या खात्यातून नको ते पुसायला गेलं तर मशीन नकार देतं. ॲडमिनला ते विचारतही नाही.

"आपली माणसं काय कुकुली बाळं आहेत?" म्हणत साहेबांनी स्वतःच्या हाताने सगळ्या खात्यांना एकच प्रॉम्प्ट लावला: निळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्', पुढे पत्त्यांतल्यासारखा गुलाबी बदाम. तिने लेखी हरकत पाठवली. उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला.

पाहुणे आले, चहा पिऊन गेले. बदाम राहिला.

नवव्या दिवशी काका चुकले. काका विभागातले सर्वांत जुने ऑपरेटर, निवृत्तीला चार महिने. सरावासाठी काढलेल्या एक्स-रेच्या नकला रोज दुपारी पुसणं हे त्यांचं काम. आठवड्यातून एकदा तरी ते नकलांऐवजी मूळ फोल्डरमध्ये शिरायचे. मशीन 'परवानगी नाही' म्हणायचं, काका 'बरं बाबा' म्हणायचे आणि मागे फिरायचे. त्या दिवशी प्रिंटर दुरुस्तीसाठी उघडलेली ॲडमिनची खिडकी पडद्यावर शेजारीच उघडी राहिली होती. आपलीच समजून काका तिच्यात टाइप करत होते. मशीन काही बोललं नाही.

सकाळच्या एक्केचाळीस रुग्णांचे एक्स-रे गेले. बॅकअप रात्री होतो, म्हणजे ते कुठेच नव्हते. सगळ्यांना परत बोलावून पुन्हा किरणांपुढे उभं करायचं. त्यात सात लहान मुलं.

साहेबांचा अहवाल तासाभरात तयार झाला: 'वयोमानपरत्वे निष्काळजीपणा, सेवेतून कमी करावे.' खाली तिच्या सहीची जागा. ते तिच्या खुर्चीवर इतके वाकले की पेपरमिंटच्या गोळीमागचा शिळा वास तिच्या तोंडावर आला.

"टाक सही. काकांना कोणी फाशी देत नाहीये. चार महिने आधी घरी जातील, एवढंच."

तिने सही केली नाही. कागद घेऊन ती अधीक्षक डॉक्टरबाईंकडे गेली. लगेच बाई स्वतः खाली आल्या. काका भिंतीला टेकून उभे होते, बस म्हटलं तरी बसेनात.

तिने ताजा बॅकअप घेऊन दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या, एक साधी, एक ॲडमिनची. दोन्हींत मूळ फोल्डर पुसण्याचा हुकूम टाइप करून ठेवला. एंटर तेवढं बाकी.

"साहेब, यातली ॲडमिनची कोणती?"

साहेब हसले. "परीक्षा घेतेस माझी?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "डावी."

तिने कळफलक साहेबांपुढे सरकवला.

"खात्री आहे?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के, मॅडम. बारा वर्षं झाली मला या धंद्यात."

"छान. मग उजवीकडे जा आणि एंटर दाबा. साधं खातं असेल तर मशीन नकार देईल."

साहेबांचं बोट कळफलकावर आलं आणि तिथेच थांबलं. ते एका बदामाकडून दुसऱ्या बदामाकडे बघत राहिले. वरच्या ओठावर घाम जमला.

"बॅकअप नक्की घेतलाय ना?" त्यांनी हळूच तिला विचारलं.

"काकांनी असं विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?" बाई म्हणाल्या. त्यांनी अहवालातलं 'वयोमानपरत्वे'पासून पुढचं सगळं खोडलं आणि लिहिलं: 'विभागप्रमुखांनी लेखी हरकत डावलून धोक्याची खूण काढली.' मग कागद साहेबांपुढे सरकवला. "करा सही. फाशी कोणालाच नाहीये."

साहेबांनी सही केली आणि जेवायला गेले.

काका फोनपाशी बसून रुग्णांची यादी लावू लागले. "ताई, लहान मुलांच्या घरी मी करतो फोन. शिव्या माझ्याच वाट्याच्या आहेत."

पडद्यावर साहेबांच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला होता. तिने तो कागदाने पुसला. मग तो बोळा चिमटीत धरून, आपल्या टेबलाखालच्या टोपलीत न टाकता, बाहेर जिन्याखालच्या मोठ्या डब्यात टाकून आली आणि नळावर दोनदा हात धुतले.